बिघडलेलं मॉडेल आणि जेम्स वॅट

जेम्स वॅट म्हटलं की प्राथमिक शाळेतली किटली आठवते. चुलीवर पाणी उकळतंय, झाकण थडथड उडतंय, लहानगा जेम्स टक लावून बघतोय आणि लागला बुवा वाफेच्या इंजिनाचा शोध! गोष्ट गोड आहे, घरच्या चिल्ल्यापिल्ल्यांना जरूर सांगा. पण व्हायवाला एक्स्टर्नलसमोर सांगू नका. कारण वाफेचं चालतं इंजिन थॉमस न्यूकोमेनने १७१२ सालीच खाणीवर उभं केलं होतं आणि वॅटचा जन्म आहे १७३६ चा. म्हणजे वॅट पाळण्यातही नव्हता, तेव्हा इंग्लंडमधल्या खाणींचं पाणी इंजिनाने उपसलं जात होतं.

मग वॅटने केलं काय? त्याच्याकडे एक बिघडलेलं इंजिन दुरुस्तीला आलं. त्याने ते चालू करून दिलं, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ते असं का वागतं, हा प्रश्न त्याने सोडला नाही. त्याचं पुढचं सगळं मोठेपण त्या एका सवयीतून आलेलं आहे. आपण वर्कशॉपमध्ये गाडीची थ्रॉटल बॉडी उघडतो, तिच्यात जी गोल चकती असते, तीसुद्धा याच माणसाच्या इंजिनाशी नातं सांगते. त्या चकतीची आणि ती उघडताना होणाऱ्या चुकीची गोष्ट पुढे येईलच. आधी माणूस समजून घेऊ.

जेम्स वॅटचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजांचं काम करणारे आणि व्यापारी. पोरगा लहानपणापासून आजारी, डोकेदुखीने हैराण. त्यामुळे बरीच वर्षं शिक्षण घरीच झालं. आईने वाचायला शिकवलं आणि वडिलांनी आपल्या वर्कशॉपमध्ये त्याला स्वतःची छोटी हत्यारं दिली. तो वस्तू खोलायचा, जोडायचा, बारीक मॉडेल बनवायचा. घराचा व्यापार अटलांटिकपलीकडच्या मळ्यांशी जोडलेला होता आणि ते मळे गुलामांच्या कष्टावर चालत होते. हेही त्या काळाचं सत्य आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१७५३ साली आई वारली. वडिलांचा धंदाही बसत चालला. पोराला पोटापाण्याला लागणं भाग होतं. त्याने ठरवलं, गणिती उपकरणं बनवणारा व्हायचं. म्हणजे होकायंत्रं, मोजपट्ट्या, क्वाड्रंट वगैरे. त्यासाठी १७५५ साली तो लंडनला गेला. तिथे मोठी पंचाईत. नियमाप्रमाणे सात वर्षं उमेदवारी करावी लागे, आणि वॅटचं वय होतं १९. सात वर्षं कोण थांबणार? शेवटी जॉन मॉर्गन नावाचा कारागीर २० गिनी घेऊन वर्षभरात शिकवायला तयार झाला. मग काय, सकाळपासून रात्रीपर्यंत काम, खाण्याचे हाल आणि थंडी. आपल्या मेसच्या पातळ डाळीला नावं ठेवणाऱ्यांनी हा काळ आठवावा. वर्षभरात तो पक्का कारागीर झाला, पण तब्येत पार खालावली आणि १७५६ साली तो गावी परतला.

त्याच वर्षी त्याला पहिलं महत्त्वाचं काम मिळालं. तेसुद्धा दुरुस्तीचंच. जमैकातला एक श्रीमंत मळेवाला, अलेक्झांडर मॅकफार्लेन, आपली खगोलशास्त्राची उपकरणं ग्लासगो विद्यापीठाला देऊन गेला होता. समुद्रप्रवासात खाऱ्या हवेने ती गंजली. वॅटने ती साफ केली, नीट लावून दिली. प्राध्यापक मंडळी खूश झाली. पुढे त्याला शहरात दुकान टाकायचं होतं तर, असं सांगतात, सात वर्षांची उमेदवारी नाही म्हणून कारागिरांच्या संघाने खोडा घातला. तेव्हा विद्यापीठानेच त्याला आपल्या आवारात एक खोली दिली. साल १७५७.

ही खोली म्हणजे त्याचं खरं कॉलेज. वॅटकडे कुठलीच डिग्री नव्हती. पण त्याच्या टेबलाभोवती विद्यापीठातली हुशार माणसं गप्पा मारायला येऊन बसत. जोसेफ ब्लॅक हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक त्यांपैकीच. पाण्याची वाफ होताना तापमान न वाढता बरीच उष्णता खर्च होते, हे ब्लॅकने शोधलं होतं. अप्रकट उष्मा, म्हणजे आपली लेटंट हीट. दुसरा जॉन रॉबिसन, वॅटपेक्षा तीन वर्षांनी लहान, वाफेच्या शक्तीवर गाडी चालवता येईल का, असल्या कल्पना घेऊन येणारा. प्राध्यापकाने कारागिराच्या दुकानात येऊन बसावं आणि कारागिराने त्याच्याशी बरोबरीने वाद घालावा, ही गोष्ट तेव्हाही सोपी नव्हती आणि आजही नाही. आपल्याकडे लॅब असिस्टंटला मशीनची जी नाडी कळते, ती किती जण त्याच्याजवळ बसून समजून घेतात?

आता मुख्य प्रसंग. विद्यापीठाकडे न्यूकोमेनच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल होतं, वर्गात दाखवायला. सिलिंडर अवघ्या २ इंच व्यासाचा. ते नीट चालत नव्हतं म्हणून लंडनच्या नामांकित कारागिराकडे दुरुस्तीला पाठवलं होतं. तिथूनही काम झालं नाही. १७६३ च्या हिवाळ्यात प्राध्यापक जॉन अँडरसन यांनी ते वॅटच्या हाती दिलं.

वॅटने ते खोललं, नीट जोडलं, चालू केलं. इंजिन हललं. दोन-चार फेरे झाले आणि बंद! बॉयलरमधली वाफच संपली. पुन्हा वाफ साठली, पुन्हा दोन-चार फेरे, पुन्हा बंद. जोडणीत चूक नव्हती. सगळे भाग जागच्या जागी होते. तरी मॉडेल चालेना.

इथे आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं? बॉयलर छोटा आहे, मोठा लावा म्हणून रिपोर्ट दिला असता, फाइल सबमिट. वॅटने विचार केला की मोठं इंजिन याच पद्धतीने खाणीवर चालतं, मग लहान का चालत नाही? त्याने मोजायला सुरुवात केली. प्रत्येक फेऱ्याला किती वाफ लागते? उत्तर आलं, सिलिंडरच्या आकारमानाच्या कितीतरी पट. म्हणजे सिलिंडर भरायला जेवढी वाफ पुरे, तिच्या अनेक पट वाफ कुठेतरी गायब होत होती.

कुठे, ते समजायला इंजिन कसं चालतं ते पाहू. न्यूकोमेनच्या इंजिनात वाफ पिस्टनला ढकलत नाही. सिलिंडर वाफेने भरायचा, मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली दाबतो. छान. पण त्या फवाऱ्याने वाफेसोबत सिलिंडरसुद्धा थंड होतो. पुढच्या फेऱ्याला नवी वाफ आली की तिचा मोठा भाग थंड भिंती पुन्हा तापवण्यातच खर्च. लहान सिलिंडरला आकारमानाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ जास्त, त्यात मॉडेलचा सिलिंडर पितळी, म्हणून त्याचं नुकसान जास्त दिसलं. मोठ्या इंजिनातही हेच चालू होतं, पण खाणीच्या तोंडाशी कोळसा फुकटासारखा असल्याने कुणी हिशेब केला नव्हता. लहान मॉडेलने मोठ्या मशीनचं दुखणं उघडं केलं.

वॅटने हेही पाहिलं की थोड्याशा वाफेत अमाप उष्णता असते. वाफ स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट थंड पाणी उकळीपर्यंत तापवू शकत होती. तो चक्रावला आणि ब्लॅककडे गेला. ब्लॅकने त्याला अप्रकट उष्म्याचा सिद्धांत समजावला. टेबलावरचं मोजमाप आणि वर्गातला सिद्धांत असे एकमेकांना भेटले.

आता कोडं स्पष्ट झालं. वाफ वाया जाऊ नये म्हणून सिलिंडर कायम गरम हवा. वाफेचं पाणी व्हावं म्हणून तो थंड हवा. एकच भांडं एकाच वेळी गरमही आणि थंडही कसं राहणार? दीड-एक वर्ष तो या अडचणीशी झगडत होता. १७६५ च्या मे महिन्यात एका रविवारी तो ग्लासगोच्या मोठ्या मैदानावर फिरायला गेला होता. चालता चालता उत्तर सुचलं. वाफेला दुसऱ्या भांड्यात जाऊ द्यायचं! सिलिंडरला नळीने जोडलेलं वेगळं भांडं, त्यात आधीच पोकळी. वाफ आपोआप तिकडे धावेल, तिचं पाणी तिथे होईल आणि सिलिंडर गरमच राहील. रविवारी काम करणं त्या समाजात निषिद्ध, म्हणून तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला आणि मग एक पितळी पिचकारी घेऊन पहिलं कच्चं मॉडेल बनवलं. ते चाललं. यालाच सेपरेट कंडेन्सर म्हणतात.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॅट. तिथे टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेचं पाणी वेगळ्या कंडेन्सरमध्ये केलं जातं. मशीन पूर्ण बदललं, पण वाफ जिथे काम करते तिथे तिला थंड करायचं नाही, हे तत्त्व त्या रविवारचंच आहे. आणि त्या केंद्राची ताकद मोजायची तर तोंडात नाव येतं तेही वॅटचंच.

कल्पना सुचली १७६५ साली, पण पैसे देणारं इंजिन उभं राहायला ११ वर्षं लागली. हा भाग पुस्तकात दोन ओळींत संपतो, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. १७६४ मध्ये त्याचं मार्गारेटशी लग्न झालेलं, घरात मुलंबाळं, डोक्यावर कर्ज. जॉन रोबक या उद्योजकाने त्याचं कर्ज अंगावर घेतलं आणि बदल्यात शोधात दोन तृतीयांश वाटा. ५ जानेवारी १७६९ रोजी पेटंट मिळालं. पण मोठं इंजिन काही केल्या जमेना. कारण साधं होतं. गोल सिलिंडर खरोखर गोल बनवणारं मशीनच नव्हतं! पिस्टन आणि भिंतीमधल्या फटीतून वाफ पळायची. कापड, फेल्ट, कागदाचा लगदा, काय काय कोंबून पाहिलं. नाही जमलं. पोट भरायला वॅट कालव्यांची सर्व्हेची कामं करत पावसापाण्यात फिरत होता. त्यातच १७७३ मध्ये रोबकचं दिवाळं निघालं आणि त्याच वर्षी वॅट कामावर बाहेरगावी असताना मार्गारेट वारली. पदरात लहान मुलं. स्वभावाने तो आधीच निराशेकडे झुकणारा. इथे तो संपला असता तर नवल नव्हतं.

पण बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने रोबककडच्या येण्यापोटी त्याचा वाटा घेतला आणि १७७४ मध्ये वॅटला बर्मिंगहॅमला बोलावलं. वॅट घाबरट, पैशाच्या व्यवहाराला कंटाळणारा. बोल्टन धाडसी, गोड बोलणारा, माणसं जोडणारा. अशी जोडी जमली. १७७५ मध्ये पार्लमेंटने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली. सिलिंडरचा प्रश्न जॉन विल्किन्सनने सोडवला. तोफेची नळी अचूक पोखरण्यासाठी त्याने मशीन बनवलं होतं, तीच पद्धत वापरून त्याने सिलिंडर बोअर केले. ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक सापडला नाही. आज आपण मायक्रॉनच्या गोष्टी करतो तेव्हा हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण या अचूकतेवाचून वॅटचं इंजिन कागदावरच राहिलं असतं. मशीन शॉपला कमी लेखणाऱ्या डिझाइनवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

१७७६ मध्ये पहिली इंजिनं कामाला लागली. धंद्याची पद्धतही निराळी. न्यूकोमेनच्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा वर्षाला द्यायचा. कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींना कोळसा दुरून आणावा लागे, तिथे या इंजिनाला मोठी मागणी आली. पुढे बोल्टनने डोळा ठेवला गिरण्यांवर. गिरणीला पंपासारखी वर-खाली हालचाल नको, गोल फिरणारा शाफ्ट हवा. क्रँक वापरावा तर त्याचं पेटंट १७८० मध्ये दुसऱ्याने घेऊन ठेवलेलं. वॅटने १७८१ मध्ये सूर्य-ग्रह गिअरची जोडणी काढून वाट शोधली. १७८२ मध्ये पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलणारं इंजिन आणि १७८४ मध्ये पॅरलल मोशन, जे आपण थिअरी ऑफ मशीन्सला घासून पाठ करतो. त्याला स्वतःला आपल्या सगळ्या कामात या पॅरलल मोशनचा अभिमान सर्वांत जास्त होता. गिऱ्हाईक आधी घोडे वापरत असे, म्हणून किती घोड्यांचं काम होईल हे सांगायला त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असं माप ठरवलं. तोच आपला हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

आता येतो थ्रॉटल. खाणीच्या पंपाचा वेग थोडा कमी-जास्त झाला तर बिघडत नाही. गिरणीचं तसं नसतं. धान्य कमी पडलं की भार हलका होतो आणि इंजिन सुसाट सुटतं, भार वाढला की मंदावतं. वॅटने वाफेच्या नळीत आडव्या दांड्यावर फिरणारी एक पातळ चकती बसवली. चकती नळीला आडवी झाली की वाट बंद, नळीच्या दिशेने वळली की वाट मोकळी. पण ती सतत हाताने कोण फिरवणार? पवनचक्क्यांमध्ये जात्याच्या दगडांमधलं अंतर राखायला फिरत्या गोळ्यांची युक्ती वापरत. ती लंडनच्या अल्बियन गिरणीत पाहून बोल्टनने १७८८ मध्ये वॅटला कळवली आणि वॅटने ती थ्रॉटलच्या चकतीला जोडली. इंजिनाबरोबर दोन गोळे फिरतात. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, दांडी ओढली जाते, चकती मिटते, वेग उतरतो. वेग कमी झाला की उलट. इंजिन स्वतःच स्वतःला सांभाळायला लागलं! हा फ्लायबॉल गव्हर्नर. कल्पना मूळची आपली नाही म्हणून वॅटने त्याचं पेटंट घेतलं नाही. असा गव्हर्नर बसवलेलं १७८८ चं लॅप इंजिन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. पुढे १८६८ मध्ये मॅक्सवेलने गव्हर्नरवर निबंध लिहिला आणि आपला कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर तिथून सुरू होतो.

पेट्रोल गाडीच्या थ्रॉटल बॉडीत तशीच चकती असते. वाफेच्या जागी आता हवा. गोळ्यांच्या जागी सेन्सर, दांडीच्या जागी छोटी मोटर आणि हिशेब करायला ईसीयू. आता ती उघडताना होणारी नेहमीची चूक बघा. गाडी आयडलला थरथरते म्हणून थ्रॉटल बॉडी साफ करायला काढली. उत्साहाच्या भरात चकतीचे दोन बारीक स्क्रूही काढले, चकती बाहेर काढून लख्ख केली, परत बसवली. गाडी सुरू केली तर आरपीएम चढलेलाच, नाहीतर ॲक्सिलरेटर अडकतोय. काय झालं? चकती दिसायला गोल, पण पूर्ण गोल नसते. बंद स्थितीत ती नळीला अगदी काटकोनात नसते, थोडी तिरकी टेकते. म्हणून तिच्या कडाही तिरक्या घासलेल्या असतात. उलटी किंवा खालची बाजू वर बसली की एकतर फट राहते, नाहीतर कड भिंतीत रुतते.

दुरुस्ती कठीण नाही, पण घाई चालत नाही. बॅटरीची तार काढा, बॉडी परत खोला. चकतीच्या कडा बघून खरी बाजू ओळखा. दोन्ही स्क्रू ढिले ठेवून चकती दांड्याच्या खाचेत सरकवा, हलकेच बंद करा आणि तिला स्वतःहून नळीत मध्यावर बसू द्या. मग उजेडाकडे धरून पाहा. कडेने प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी बारीक हवी. आता स्क्रू आवळा. ते स्क्रू हवेच्या वाटेतच असतात, एखादा सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन फोडेल. म्हणूनच कारखान्यात बऱ्याचदा त्यांची टोकं ठोकून फुलवलेली असतात. काढलेले स्क्रू परत न वापरता नवे घालून वर लॉकिंगचं लिक्विड लावा. कारखान्यात लावलेला स्टॉप स्क्रू फिरवू नका. मोटरवाल्या थ्रॉटलची चकती बोटाने जबरदस्तीने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटू शकतात. गॅस्केट नवं घाला. आणि सगळं बरोबर करूनही आयडल चढा राहिला तर घाबरू नका. काजळी साचलेल्या नळीची ईसीयूला सवय झालेली असते, साफ नळीतून आता जास्त हवा जाते. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे त्याला आयडल पुन्हा शिकवावा लागतो.

या शेवटच्या गोष्टीत वॅटचं मॉडेल दिसतं की नाही? जोडणी बरोबर, सगळे भाग जागेवर, तरी मशीन नीट वागत नाही. अशा वेळी पोरं दोन गोष्टी करतात. एक तर कुणी बघायच्या आत तसंच बंद करून ठेवतात, नाहीतर एकेक पार्ट बदलत सुटतात. चूक झाल्याची लाज इतकी वाटते की चुकीने सांगितलेली गोष्ट ऐकूच येत नाही. चकती उलटी बसल्याशिवाय ती तिरकी घासलेली असते, हे किती जणांच्या लक्षात आलं असतं?

पण वॅटला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. पेटंटच्या जोरावर त्याने दुसऱ्या संशोधकांची वाट अनेक वर्षं अडवून धरली, कोर्टकचेऱ्या केल्या. जास्त दाबाच्या वाफेला तो भीत होता, बॉयलर फुटतील म्हणून. भीती खोटी नव्हती, पण त्यापायी त्याच्याच कंपनीतल्या विल्यम मर्डॉकने १७८४ च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीचं मॉडेल केलं, तेव्हा त्याला उत्तेजन मिळालं नाही. पेटंट १८०० मध्ये संपलं आणि लगेच १८०१ मध्ये ट्रेव्हिथिकने जास्त दाबाच्या वाफेवर गाडी रस्त्यावर चालवून दाखवली. आगगाडी त्या वाटेने आली. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे धावली, आणि पुढे गोंदियाहून सातपुड्यात शिरणारी नॅरोगेजची कोळशाची गाडीही त्याच वाटेची. दुसऱ्याच्या मॉडेलला प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच्या इंजिनाला मात्र तितके प्रश्न विचारू शकला नाही.

१८०० मध्ये वॅट निवृत्त झाला. पैसा होता, मान होता, पण दुःखंही होती. दुसऱ्या पत्नीपासूनची मुलगी जेसी १७९४ मध्ये आणि हुशार मुलगा ग्रेगरी १८०४ मध्ये, दोघंही क्षयाने गेली. म्हातारा वॅट घराच्या माळ्यावरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसे. तिथे तो पुतळ्यांच्या हुबेहूब प्रती कोरणारं मशीन बनवत होता. ८० च्या पुढे वय गेलं तरी हात थांबले नव्हते. २५ ऑगस्ट १८१९ रोजी तो वारला. माळ्यावरची ती खोली हत्यारांसकट बरीच वर्षं कुलूपबंद राहिली आणि १९२४ मध्ये जशीच्या तशी सायन्स म्युझियममध्ये नेली गेली. १८८२ मध्ये शक्तीच्या एककाला त्याचं नाव दिलं गेलं आणि ते आपल्या खोलीतल्या ट्यूबलाइटवर येऊन पोचलं.

ते बिघडलेलं छोटं मॉडेलही टिकून आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात ते ठेवलंय. मोठ्या माणसाचं विजयी इंजिन जपणं सगळेच करतात, या विद्यापीठाने न चालणारं मशीन जपलं. आपल्याही वर्कशॉपमध्ये एखादी खोलून फसलेली थ्रॉटल बॉडी कोपऱ्यात पडलेली असते, भंगारात जायच्या वाटेवर. ती टेबलावर घ्या, चकती उजेडाकडे धरा आणि कुठे काय चुकलं ते जर्नलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या बॅचला ते आयतं सापडेल.